विजयाच्या दारातली कॅथरीन

जुन्या गोव्याला जाऊन आलेल्या मैत्रिणींनो, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी आणि से कॅथेड्रल पाहून झाल्यावर मागच्या बाजूचे लहानसे चॅपेल पाहिलेत का? बहुधा नाही. तोवर मुलांना भूक लागलेली असते आणि बसवाला हाका मारीत असतो. आम्हीही निघालोच होतो, पण मी हट्टाने जाऊन आले. आमच्या पिंपळगाव राजाकडे दगड काळा. हे चॅपेल तांबड्या जांभ्याचे, अगदी साधे.

तिथल्या शिलालेखाचा अर्थ असा, की याच जागी असलेल्या दारातून आफोन्सो द आल्बुकर्क शहरात शिरला. तारीख २५ नोव्हेंबर १५१०. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून चॅपेल तिच्या नावाचे.

पण यामागची हकिगत पार जेरूसलेमपासूनची आहे. १११९च्या सुमारास तिथे टेंपलर पंथ निघाला. व्रत ब्रह्मचर्याचे, कमरेला तलवार. (आपले नागा साधूंचे आखाडे आठवा, म्हणजे कल्पना येईल.) यात्रेकरूंचे रक्षण करता करता पंथ गबर झाला. फ्रान्सच्या राजाने १३०७ मध्ये त्यांची धरपकड केली, १३१२ मध्ये पोपने पंथच मोडला. पोर्तुगालमध्ये मात्र १३१९ साली त्याच मालमत्तेवर ‘ख्रिस्ताचा पंथ’ उभा राहिला. पाटी बदलली, दुकान तेच! तोमार गावचे टेंपलरांचे बाराव्या शतकातले गोल चॅपेलही या पंथाकडे आले. पुढे पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर याच पंथाचा तांबडा क्रूस झळकला. १४५६ मध्ये पोपने समुद्रापलीकडच्या मुलखातला धर्माधिकार पंथाला दिला, आणि १५१० मध्ये पंथाचा प्रमुख होता खुद्द राजा मानुएल! देवघराच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या एकाच कमरेला.

आता ही कॅथरीन कोण? कथेप्रमाणे अलेक्झांड्रियाची विदुषी. पन्नास पंडितांना तिने वादात हरवले, म्हणून बादशहाने तिचा जीव घेतला. विद्यार्थी आणि शिक्षक तिला आपली मानतात. शाळेत शिकवणारी बाई म्हणून मला तिचे भारी कौतुक वाटले, आणि तिथेच मन अडखळले. कारण तिच्या दिवशी शहर घेतल्यावर काय झाले, ते आल्बुकर्कनेच राजाला कळवले आहे. चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली. बळींचा त्याने दिलेला आकडा सहा हजार, त्यात बायकाही. वाचलेल्या कित्येक बायकांना बाप्तिस्मा देऊन त्याने आपल्या शिपायांशी लग्ने लावून दिली आणि त्या जोडप्यांना जमिनी वाटल्या. त्या नव्या नवऱ्यांपुढे पहिला घास त्यांनी कसा वाढला असेल? शिलालेखात त्या कुठेच नाहीत.

चॅपेलला १५३४ मध्ये कॅथेड्रलचा मान मिळाला, १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ते पुन्हा बांधवले, आणि आज दिसते ते रूप १९५२चे. जागतिक वारसा म्हणून १९८६ मध्ये नोंद झालेल्या वास्तूंत तेही आहे.

मुलींना घेऊन गेलात तर आधी से कॅथेड्रलच्या सोनेरी वेदीवर कोरलेले कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग दाखवा. मग पाच मिनिटे चालत जाऊन तो शिलालेख. बसवाला थांबतो, आमचा थांबला होता.