विधेयकांची मोट

कायदेमंडळांत एखादी योजना अडली म्हणजे ती पुढें नेण्याच्या ज्या युक्त्या राज्यकर्त्यांनीं शोधून काढल्या आहेत, त्यांपैकीं एक फार जुनी व चतुर आहे. नावडती गोष्ट आवडत्या किंवा अपरिहार्य गोष्टीशीं एकाच विधेयकांत बांधावयाची आणि सभासदांस सांगावयाचें कीं, घ्यावयाचें तर सर्व घ्या, नाहीं तर सर्व टाका. कडू काढा मधांत कालवून पाजणाऱ्या आजीबाईंस ही युक्ति परकी वाटणार नाहीं. परंतु आजी काढा पाजते ती नातवाच्या हिताकरितां. राज्यकारभारांत मधाखालीं काय दडलें आहे हें पिणारानेंच पाहावें लागतें.

रोमन लोकांनीं हा धोका फार लवकर ओळखला. परस्परांशीं संबंध नसलेले विषय एकाच कायद्यांत घालून मतास टाकूं नयेत, असा निर्बंध त्यांनीं इ. स. पूर्वी ९८ या वर्षीं केला. उलट इंग्लंडांत या युक्तीस यश आलें. १८६० सालीं कागदावरील कर उठविण्याचें विधेयक उमरावसभेनें फेटाळलें, तेव्हां अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनीं १८६१ सालीं वर्षाचे सगळे करविषयक प्रस्ताव एकाच विधेयकांत गोवले. सबंध अर्थसंकल्प फेटाळण्याचें धाडस उमरावांस झालें नाहीं आणि कागदावरील कर गेला.

हाच सांचा इंग्रजी अमलांत आपल्याकडे आला. मिठावरील कर, पोस्टाचे दर आणि प्राप्तीवरील कर हे एकाच वार्षिक विधेयकांत येऊं लागले. १९२३ सालीं मिठाचा कर मणामागें सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेण्याचें ठरलें. मध्यवर्ती सभेनें तें नाकारलें, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारांत तें अमलांत आणलें. पुढील वर्षीं त्या सभेनें अर्थविधेयकच फेटाळून लावलें. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून ज्या सभेंत बसत, तीच ही सभा. मोट कितीही घट्ट बांधली तरी ती सबंध फेकून देण्याची तयारी असलेल्यांपुढें तिचा जोर चालत नाहीं, हें तेथें दिसून आलें.

परंतु आपल्या घरांस सर्वांत जवळचें उदाहरण हिंदु कोडाचें होय. १९४१ सालीं बी. एन्. राव यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली गेली, तींत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे आणि बडोद्याचे राजरत्न वासुदेव विनायक जोशी हे दोघे महाराष्ट्रीय होते. पुढें कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं विवाह, घटस्फोट, दत्तक, पालकत्व, वारसा आणि एकत्र कुटुंबाची मालमत्ता या सर्वांची एकच संहिता सभेपुढें मांडली. हे विषय एकाच धर्मशास्त्राच्या पोटांतले, म्हणून परस्परांस परके म्हणतां येणार नाहींत. तथापि परिणाम विपरीत झाला. ज्यास घटस्फोट खटकत होता तो आणि ज्यास मुलीचा वाटा खटकत होता तो, हे दोघे एरवीं एका पंक्तीस बसते ना. संहितेनें त्यांस शेजारीं शेजारीं पाट मांडून दिले. १९५१ च्या सप्टेंबरांत सरकारनें केवळ विवाहविषयक भाग पुढें घेण्याचें ठरविलें; तोही तडीस गेला नाहीं आणि २७ सप्टेंबर रोजीं आंबेडकरांनीं राजीनामा दिला.

त्यानंतर सरकारनें मोट सोडली. विवाहाचा कायदा १९५५ सालीं, आणि वारसा, पालकत्व व दत्तक यांचे तीन कायदे १९५६ सालीं, असे एकेक करून चारही संमत झाले. अमेरिकेंत १८५० सालीं हेंच घडलें होतें: हेन्री क्ले यांची एकत्रित तडजोड कोसळली, आणि स्टीफन डग्लस यांनीं तेच विषय सुटे करून पार पाडले.

मात्र मोट सोडण्याचीही किंमत पडते. आंबेडकरांच्या मसुद्यांत मिताक्षरेचा जन्मसिद्ध हक्कच काढून टाकण्याची योजना होती. १९५६ च्या कायद्यानें मिताक्षरा कुटुंब कायम ठेवलें. वडिलांच्या हिश्शांतून मुलीस अंश मिळूं लागला, पण जन्मतः सहदायाद होण्याचा मान मुलाचाच राहिला. महाराष्ट्रानें तो हक्क १९९४ सालीं अविवाहित कन्यांस दिला. सर्व देशांतील कन्यांस तो २००५ सालीं मिळाला. आमच्या लोहाऱ्यासारख्या गांवांतून त्या मधल्या काळांत सासरीं गेलेल्या कितीतरी मुलींस वडिलोपार्जित शेतांत भावाच्या बरोबरीचें स्थान कायद्यानें नव्हतें. जो विषय सर्वांत कठीण, तोच सुटा झाल्यावर सर्वांत दुबळा झाला.

अलीकडचें उदाहरण याहून निराळें आहे. राज्यघटनेच्या १०९ व्या अनुच्छेदाप्रमाणें धनविधेयकावर राज्यसभेस केवळ शिफारशी करतां येतात. त्या मानण्याचें बंधन लोकसभेवर नाहीं. २०१७ सालीं, राज्यसभेंत सत्ताधारी पक्षाचें बहुमत नसतांना, वार्षिक वित्तविधेयकांतच अनेक न्यायाधिकरणांची पुनर्रचना आणि राजकीय पक्षांस देणग्या देण्याचे निवडणूक रोखे यांच्या तरतुदी घातल्या गेल्या. राज्यसभेनें पांच दुरुस्त्या सुचविल्या. लोकसभेनें एकही स्वीकारली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं न्यायाधिकरणांचे नियम रद्द केले आणि धनविधेयकाचा मूळ प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविला. निवडणूक रोखे २०२४ सालीं रद्द झाले, परंतु ते मतदाराच्या माहितीच्या हक्कास्तव, मोटेस्तव नव्हे.

कोणती मोट रास्त आणि कोणती कपटाची, हें ओळखावें कसें? पूर्वमीमांसेंत वाक्यभेद नांवाचा दोष सांगितला आहे. एका वाक्याचें प्रयोजन एक असावें, आणि त्याचे अवयव वेगळे केले असतां त्यांस परस्परांची आकांक्षा राहावी. तसें नसेल तर तें एक वाक्यच नव्हे. विधेयकास हीच कसोटी लावावी. ग्लॅडस्टन यांचे कर एकाच वर्षाच्या जमाखर्चाचे अवयव होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें ४२ कायदे बदलले, पण किरकोळ अपराधांवरील शिक्षा सौम्य करणें हें त्याचें सूत्र एकच होतें. हिंदु कोडांतील दत्तक आणि घटस्फोट सुटे उभे राहूं शकले. मुलीचा वाटा मात्र एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेवांचून अर्धाच राहिला. पण कराचा दर आणि न्यायाधिकरणाच्या सदस्यांची नेमणूक यांस परस्परांची कोणती आकांक्षा?

कोणी म्हणेल, वरिष्ठ सभागृह हट्टानें अडवूनच बसलें तर सरकारनें काय करावें? त्याचा उघड मार्ग घटनेनेंच १०८ व्या अनुच्छेदांत दिला आहे. १९६१ सालीं हुंडाबंदीच्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचें एकमत होईना, तेव्हां त्यांची संयुक्त बैठक भरली आणि कायदा झाला. घरोघरच्या लग्नमंडपांत शिरणारा तो कायदा कोणत्याही करांत लपवावा लागला नाहीं. ज्यास विरोध होता त्यानें तो बोलून दाखविला, ज्याचा पाठिंबा होता त्यानें हात वर केला, आणि कोणी कशास मत दिलें हें लोकांस समजलें. प्रतिनिधीकडून त्याच्या मतदारांचें मुख्य येणें हेंच आहे. मोटेंत बांधलेल्या मताचा असा हिशेब कोणासही मागतां येत नाहीं.