भिंतीच्या आतील रक्षकांचे स्मरण

नौपाड्यापासून काही अंतरावरच ठाणे मध्यवर्ती कारागृहाचा जुना तट उभा आहे. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला पुढे इंग्रजांच्या काळात तुरुंग झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आली. या तटाआड बंदी असलेल्या देशभक्तांची आठवण ठाणेकरांनी जपली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु याच भिंतींच्या आत बंदिजनांसोबत दिवसरात्र वावरणारा आणखी एक मनुष्य असतो. तो म्हणजे कारागृहाचा शिपाई, हवालदार, तुरुंगाधिकारी. कर्तव्य बजावताना त्याला मरण आले, तर त्याची आठवण कोण ठेवतो?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्स येथे धारातीर्थी पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ हा दिवस सुरू झाला. कारागृह हा मात्र पोलिसांहून वेगळा विभाग आहे. त्याच्या उत्तम सेवेबद्दल प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी राष्ट्रपतींची सुधारसेवा पदके जाहीर होतात. पण सर्वसामान्य नागरिकांना ठाऊक असलेला असा स्मृतिदिन या विभागासाठी आपल्याकडे रूढ झालेला नाही. अमेरिकेत १९८४ पासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कारागृह अधिकाऱ्यांचा सप्ताह पाळला जातो. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय स्मारकावर पोलिसांच्या नावांसोबत त्यांचीही नावे कोरलेली आहेत.

आपल्या देशातही असे बळी गेले आहेत. १७ नोव्हेंबर १९९९ रोजी चेन्नईच्या मध्यवर्ती कारागृहात एका बंद्याच्या मृत्यूनंतर दंगल उसळली. तीत जयकुमार या उपतुरुंगाधिकाऱ्याला जिवंत जाळण्यात आले, आणि गोळीबारात अनेक बंदिजनही प्राणास मुकले. २०१६ च्या दिवाळीत, ३१ ऑक्टोबरच्या पहाटे, भोपाळ कारागृहातून पळून जाणाऱ्या बंद्यांनी पहाऱ्यावरील हेड कॉन्स्टेबल रमाशंकर यादव यांची हत्या केली. त्या वेळी त्यांच्या घरी मुलीच्या विवाहाची तयारी चालू होती.

प्रत्येक वेळी मृत्यू शस्त्रानेच येतो असे नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे मुंबई, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा येथील कारागृहे टाळेबंद करण्यात आली. कर्मचाऱ्यांची एक तुकडी आतच मुक्काम करू लागली. घरचा उंबरठा त्यांना परका झाला. त्या साथीत राज्यातील कारागृह कर्मचाऱ्यांचेही बळी गेले. क्षमतेच्या कितीतरी पट गर्दी असलेल्या बराकींत अंतर राखणे बंदिजनांना शक्य नव्हते, तसेच त्यांच्या रक्षकांनाही नव्हते.

येथे कोणी विचारील, तुरुंगात बंद्यांवर अत्याचार होतात, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१७ साली भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या बंदी महिलेचा मारहाणीमुळे मृत्यू झाला, हे आपण विसरता कामा नये. परंतु अन्यायाचा निषेध करणे आणि प्रामाणिक सेवकाचे स्मरण करणे या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. चेन्नईच्या घटनेने तर हेच दाखवून दिले की, कोठडीतील एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या मृत्यूला कारण ठरतो. बंदी आणि रक्षक यांचे हित एकमेकांत गुंतलेले असते.

ख्रिस्तसभेला हे नाते प्रारंभापासून ठाऊक आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याची कथा येते. भूकंपाने दारे उघडली, बंदी पळाले असे समजून तो स्वतःवर तलवार चालवणार, तोच बंदिवासातील संत पौलाने त्याला हाक मारून वाचवले. पुढे त्याच अधिकाऱ्याने त्या रात्री आपल्या बंद्यांच्या जखमा धुतल्या. परंपरा असेही सांगते की, रोममध्ये संत पेत्र व संत पौल यांच्यावर पहारा ठेवणारे प्रोसेसस आणि मार्टिनियन यांनी बाप्तिस्मा स्वीकारला व श्रद्धेसाठी प्राण दिले. २ जुलै हा त्यांचा सण असून त्यांचे अवशेष संत पेत्र महामंदिरात आहेत. म्हणजे तुरुंगाचे दोन पहारेकरी आपल्या संतमालिकेत आहेत! सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीतील कारागृह कर्मचाऱ्यांना भेटताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे आभार मानले आणि तुरुंग व समाज यांना जोडणारा पूल होण्यास सांगितले.

आपल्या धर्मग्रामांतून बंदिजनांसाठी प्रार्थना होतात, स्वयंसेवक त्यांना भेटी देतात. त्याच प्रार्थनेत आणखी एका वाक्याची भर घालता येईल. २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिनी, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत कर्तव्यावर मरण पावलेल्या कारागृह सेवकांची आठवण करू या. त्यांच्या विधवांची, मुलाबाळांची विचारपूस करू या. सणासुदीला आपण घरी असतो, तेव्हा तटाआड कोणीतरी जागा असतो. तो जिवंत असताना त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. निदान तो गेल्यावर तरी प्रभूच्या वेदीपुढे त्याचे नाव यावे, ही आमची विनंती.