दान आलेली सायकल: ठेवायची, सुटी करायची की परत पाठवायची?



मागच्या भागात आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल वर्कशॉप कसं उभं करायचं ते पाहिलं. जागा, हत्यारं, मिस्त्री, हिशेबाची वही. त्यानंतर इंदूर, हैदराबाद, भिलाई अशा ठिकाणच्या मराठी मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला, "दुरुस्त करायला सायकली कुठून आणायच्या?"

त्याची काळजी करू नका. एकदा बातमी पसरली की सायकली येतात. दिवाळीच्या साफसफाईत येतात, बदली झाली की येतात, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की येतात. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. जी सायकल कुणाच्याच कामाची नाही, ती आपल्या दारात आली तर काय करायचं?

जे पहिल्यांदाच ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख. मी सैन्यात ईएमईमध्ये होतो, म्हणजे गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. निवृत्तीनंतर बडोद्यात राहतो. आमचं वर्कशॉप आठवड्यातून दोन दिवस चालतं. चार पेन्शनर, दोन कॉलेजची मुलं आणि एक मुरलेले मिस्त्री. तयार झालेल्या सायकली जातात वॉचमनकडे, घरकाम करणाऱ्या बायकांकडे आणि त्यांच्या शाळकरी मुलामुलींकडे.

फुकटची किंमत

आपल्याकडे म्हण आहे, दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत. म्हण चांगली आहे, पण ती घेणाऱ्याला सांगितलेली आहे. आपण घेणारे नाही, मधले आहोत. ती गाय आपण पुढे दुसऱ्याच्या दारात बांधणार आहोत. मधल्या माणसाने दात मोजलेच पाहिजेत.

कठोपनिषदात नचिकेताची गोष्ट येते. त्याचे वडील यज्ञात गाई दान देत होते. शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई. मुलगा ते बघून अस्वस्थ झाला, कारण असं दान देणाऱ्याचं भलं करत नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला ती गाय मिळाली, तो नाही कसं म्हणणार? दान घेणाऱ्याला नकार देण्याची सोय नसते. वॉचमनला आपण सायकल दिली आणि तिचा ब्रेक लागत नसला, तरी तो "साहेब, चांगली आहे" असंच म्हणेल आणि उतारावर पाय घासत थांबवेल. त्याच्या वतीने नकार आपण द्यायचा. या भागाचं सार एवढंच आहे. बाकी सगळी पद्धत.

एक वाईट सायकल काय काय खाते ते बघा. जागा खाते, कारण पार्किंगमधली जागा आपल्याला मेहरबानीने मिळालेली असते. मिस्त्रींचे तास खाते. तेवढ्या वेळात तीन बऱ्या सायकली रस्त्यावर आल्या असत्या. नवे सुटे भाग खाते. आणि एवढं करूनही ती धोकादायकच राहू शकते.

बीईआर म्हणजे काय

सैन्यात अशा वस्तूला एक शेरा मिळतो: बीईआर, म्हणजे बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. याचा अर्थ वस्तू दुरुस्त होऊच शकत नाही असा नव्हे. दुरुस्तीला जे लागेल ते तिच्या मोलापेक्षा जास्त आहे, एवढाच अर्थ. हा शेरा मारायला भावना लागत नाही, नियम लागतो. आमचा नियम असा: तशीच चालती जुनी सायकल बाजारात ज्या किमतीला मिळते, तिच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे सुट्या भागांना लागणार असतील, किंवा मिस्त्रींचे तीन तासांपेक्षा जास्त जाणार असतील, तर ती सायकल बीईआर. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदला, पण आकडे भिंतीवर लिहून ठेवा. म्हणजे वाद माणसाशी होत नाही.

दहा मिनिटांची तपासणी

तपासणी नेहमी एकाच क्रमाने करायची. जे बदलता येत नाही ते आधी, जे सहज बदलतं ते शेवटी.

पहिली फ्रेम. हँडलखालच्या नळीला पुढचे दोन दांडे जिथे जोडलेले असतात, त्या जोडाच्या खालच्या बाजूला बघा. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली, तर सायकल कशावर तरी समोरून आदळलेली आहे. इथेच थांबा. सायकल बाद. याच वेळी फ्रेमवर ठोकलेला नंबर वहीत उतरवून घ्या आणि देणाऱ्याची सही घ्या. चोरीची सायकल दानात येऊ नये.

दुसरा चिमटा. बाजूने बघा. मागे वाकलेला चिमटा ठोकून सरळ करणारे मिस्त्री भेटतील. आपण ते करायचं नाही. त्यावर मूल बसणार आहे.

तिसरं चाक. चाक उचलून फिरवा आणि दुसरा हात चिमट्यावर ठेवा. आत वाळू दळल्यासारखी खरखर हाताला जाणवली, तर बेअरिंगच्या वाट्या गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला, त्यानंतरच्या महिन्यांत आमच्याकडे धुऊनपुसून चकचकीत केलेल्या कितीतरी सायकली आल्या. बाहेरून नव्यासारख्या, पण हबमध्ये आणि पायडलच्या धुऱ्यात गाळ. पाणी कोनमधून आत जातं, ग्रीस धुतलं जातं, छर्रे गंजतात आणि वाट्यांना खड्डे पाडतात. छर्रे स्वस्त असतात. पण वाटी खराब म्हणजे बऱ्याचदा हबच बदलायचा, आणि हब बदलायचा म्हणजे सगळ्या तारा काढून पुन्हा भरायच्या. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. गणित तुम्हीच करा.

चौथी रिम. चाक थोडं आउट असेल तर निघतं. पण ब्रेकचं रबर जिथे घासतं तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर रिम गेली. स्टीलच्या रिमवर रबराची पकड पावसात एरवीच खूप कमी होते.

पाचवं, सीटची नळी आणि हँडल सैल होऊन वरखाली होतात का? गंजून जॅम झाली असतील, तर ती सायकल एकाच उंचीच्या माणसाची झाली.

सहावी चेन. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. मोजपट्टी लावा. तेवढ्याच कड्या एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, पुढे गेल्या असतील तर चेन ओढली गेली आहे. मग फ्रीव्हीलचे दात बघा. आकड्यासारखे एका बाजूला झुकले असतील तर तेही गेले. म्हणजे इथे खरोखरच दात मोजायचे आहेत.

फाटकी सीट, सपाट टायर, झिजलेले ब्रेक रबर, तुटलेली घंटी हे सगळ्यात शेवटी. यावरून सायकल नाकारू नका. दिसण्यावर जाऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो. लोक जुनी काळी, दांड्याच्या ब्रेकची सायकल "लाज वाटते द्यायला" म्हणत आणतात, आणि ती आमची सगळ्यात चांगली सायकल निघते. जाड फ्रेम आणि प्रत्येक भाग कुठल्याही दुकानात मिळतो. उलट मधे मोठी स्प्रिंग लावलेली, भडक रंगाची स्वस्त गिअरवाली सायकल अभिमानाने येते. तिच्या सांध्यात प्लॅस्टिकचे बुश असतात. ते झिजले की मागचं चाक डुलतं, आणि ते बुश सुटे मिळतच नाहीत. आमचे मिस्त्री लांबूनच सांगतात, "साहेब, आ तो भंगार छे." भंगार हा शब्द गुजराती आणि मराठीत एकच आहे, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न येत नाही.

ही तक्रार फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या सामुदायिक वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांनी काही वर्षांपूर्वी एक मागणी केली. विकली जाणारी प्रत्येक सायकल बिघडण्याआधी निदान ५०० तास चालली पाहिजे आणि तिचे भाग बदलता आले पाहिजेत. यावरून त्यांच्या दारात काय येत असेल याचा अंदाज करा.

तीन जागा

तपासणीनंतर तीनच जागा. हिरवी फीत म्हणजे दुरुस्ती. पिवळी फीत म्हणजे सुटे भाग. लाल फीत म्हणजे भंगार. चौथी जागा, म्हणजे "बघू नंतर", ठेवायची नाही.

पिवळ्या जागेला मर्यादा हवी. आमच्याकडे सहा सायकली. सातवी आली की आधी एक सुटी करायची. सरळ चाक, पायडल, सीट, कॅरिअर, स्टँड, चांगले नट काढून डब्यांत नाव लिहून ठेवायचे. उरलेलं लाल जागेत. "कधीतरी लागेल" या वाक्याने चांगली चांगली वर्कशॉप गुदामं झाली आहेत.

लाल सायकल भंगारवाल्याला देताना लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळं करा, भाव वेगळा मिळतो. तडा गेलेली फ्रेम हॅकसॉने मधून कापून मगच द्या. नाहीतर कुणीतरी ती वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणतो. ट्यूबच्या पट्ट्या सामान बांधायला होतात. टायर कुणी सहसा घेत नाही, पण म्हणून ते होळीत टाकू देऊ नका. आलेला पैसा वहीत लिहा आणि त्यातून ब्रेक रबर आणा.

नाही कसं म्हणायचं

आपल्या लोकांना हे सगळ्यात अवघड जातं. दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं?

एक, नकार घरातून निघण्यापूर्वीच द्या. व्हॉट्सॲपवर चार फोटो मागवा: पूर्ण सायकल, हँडलखालचा जोड, चेन, मागची रिम. बऱ्याच गोष्टी तिथेच कळतात.

दोन, तपासणी देणाऱ्यासमोर करा. त्याचा हात चिमट्यावर ठेवा आणि चाक फिरवा. खरखर त्याच्या हाताला लागली की तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

तीन, नकाराबरोबर दुसरी वाट सांगा. भंगारवाल्याचा नंबर द्या. किंवा म्हणा, रविवारी मुलाला घेऊन या, हत्यारं आमची, मेहनत तुमची. किंवा टायर-ट्यूबचा खर्च तुम्ही दिलात तर ही सायकल आम्ही उभी करू. बरेच जण आनंदाने देतात.

चार, घेतलेल्या सायकलीच्या पावतीवर स्पष्ट लिहा: ही सायकल आम्ही दुरुस्त करू, सुटी करू किंवा भंगारात विकू. मागाहून रुसवा नको.

एक प्रसंग सांगतो. दांडिया बाजारातल्या एक काकू त्यांच्या यजमानांची सायकल घेऊन आल्या. तीस वर्षं त्यांनी ती ऑफिसला नेली होती. फ्रेमला हँडलखाली तडा होता. मी त्यांना तडा दाखवला आणि म्हटलं, "काकू, ही कुणाला चालवायला देता येणार नाही. पण हिची घंटी, कॅरिअर आणि मागचं चाक चांगलं आहे." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घंटी वाजतेय ना, मग लावा कुणाला तरी." ती आता एका आठवीतल्या मुलीच्या सायकलीला आहे. खोटं बोलून ठेवून घेतली असती, तर काकू महिन्याभराने ती कोपऱ्यात गंजताना बघून गेल्या असत्या.

आणि टेम्पो भरून सायकली, बॅनर आणि फोटोचा कार्यक्रम घेऊन येणाऱ्यांना एकच सांगा, "आमचा माणूस तुमच्याकडे येऊन निवडेल, निवडलेल्याच आणा."

हे एवढं कशासाठी

डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण ते तिथल्या लोकांच्या वापराचे नव्हते. त्याच सुनामीनंतर एफ. के. डे आणि त्यांच्या पत्नी लीआ मिसबाख डे यांनी २००५ मध्ये वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था सुरू केली आणि श्रीलंकेत २४ हजारांहून अधिक सायकली दिल्या. एफ. के. डे हे सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी. परदेशातल्या गॅरेजांमधल्या जुन्या सायकली गोळा करून पाठवण्याऐवजी त्यांनी नव्या सायकली दिल्या. पुढे आफ्रिकेसाठी या संस्थेने बफेलो नावाची दणकट सायकल तयार केली. तिचं कॅरिअर १०० किलो ओझं पेलतं. गरिबाची सायकल आपल्यापेक्षा जास्त मजबूत हवी, कारण तो ती जास्त वापरतो.

बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि जास्त फरक पडला तो शाळेपासून लांबच्या गावांत. म्हणजे सायकल चालली तर शाळा चालू राहते. उलटंही खरं आहे. आठवड्यातून दोनदा चेन उतरणारी सायकल मुलीला दोनदा उशिरा पोचवते, आणि मग घरचे म्हणतात, "कशाला एवढी दगदग?"

म्हणून मंडळी, आज एक काम करा. सायकल द्यायची असेल तर देण्याआधी स्वतः एक किलोमीटर चालवून बघा. आणि घेणारे असाल तर एक वही, एक मोजपट्टी आणि तीन रंगांच्या फिती आणा.

पुढच्या भागात ब्रेक: दांड्याचे आणि वायरचे, दोन्ही कसे जुळवायचे. तोपर्यंत, जय हिंद.