पुस्तक जिथे दिसते, तसे मुखपृष्ठ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुधा चित्र नसेच. रंगीत जाड कागद, वेलबुट्टीची चौकट आणि आत छपाईच्या खिळ्यांनी जुळवलेली नावे: पुस्तकाचे, लेखकाचे, छापखान्याचे. गिऱ्हाईक ओढण्याची जबाबदारी लेखकाच्या नावावर. पुढे ती चित्राकडे आणि मग अक्षरांकडेही गेली. पुस्तक वाचकाला पहिल्यांदा कुठे दिसते, ती जागा बदलली की मुखपृष्ठही बदलत गेले.

चाळीस-पन्नासच्या दशकांत ही जागा अनेकदा वर्तमानपत्राचा स्टॉल किंवा रेल्वेचा फलाट असे. तिथे गाजले ते मूळचे गोव्याचे दोन चित्रकार, दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६). बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी मुळगावकरांनी काढलेली मुखपृष्ठे गाडी सुटायच्या आत गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे नेत. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले आणि देखणे मुखपृष्ठ ही वाचकाची अपेक्षाच होऊन बसली. तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा ठसा (ब्लॉक) लागे, प्रत्येक रंग मशीनवर वेगळा चढे. खर्च वाचवायचा तर दोन रंगांत भागवायचे आणि तिसऱ्याचे काम कागदाच्या पांढऱ्याकडून करून घ्यायचे. हात बसलेला चित्रकार या अडचणीतूनच ठसठशीतपणा मिळवी.

नवसाहित्याच्या पुस्तकांना हा झगमगाट मानवणारा नव्हता. मौज, पॉप्युलर या प्रकाशनांचा वाचक दुकानात पुस्तक हातात घेऊन चाळणारा. त्याच्यासाठी द. ग. गोडसे, बाळ ठाकूर, वसंत सरवटे यांनी रेषा कमी केल्या, मोकळी जागा वाढवली. पेशाने इंजिनिअर असलेल्या सरवट्यांनी ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांवर वर्षानुवर्षे साहित्यव्यवहाराचीच फिरकी घेतली. ती मुखपृष्ठे नुसती पाहायची नव्हती, वाचायची होती.

कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींत आणि नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर अक्षरालाच चेहरा दिला. काना, वेलांटी, शिरोरेषा यांच्या वळणातून मजकूर विनोदी की गंभीर, हे चित्राआधी कळू लागले. पुढे ऑफसेट छपाई रुळली, रंगांची काटकसर संपली. सुभाष अवचटांसारख्या चित्रकारांची अमूर्ताकडे झुकणारी रंगचित्रे मुखपृष्ठावर आली. संगणक आल्यावर मात्र तयार छायाचित्र आणि तयार फाँट यांची सोय झाली आणि बरीच पुस्तके एकमेकांची जुळी भावंडे दिसू लागली.

आज पुस्तक प्रथम दिसते ते मोबाइलवर, टपाल तिकिटाएवढे. त्या आकारात दलालांचा भरलेला प्रसंग गिचमिड होतो, शेडग्यांचे अक्षर टिकते. म्हणून ठळक नाव आणि एकच आकृती, ही आजची रीत समजण्यासारखी आहे. पण मागे पाहता एक गोष्ट जागेप्रमाणे बदललेली दिसत नाही. मुखपृष्ठाने पुस्तकाची जात खरी सांगावी लागते. अर्नाळकरांचा वाचक थराराच्या आशेने पैसे टाकी आणि त्याला थरारच मिळे. गंभीर कादंबरीवर गुलाबी प्रेमकथेचे मुखपृष्ठ चढवले, तर पहिली आवृत्ती खपेलही. फसलेला वाचक मात्र त्या लेखकाचे पुढचे पुस्तक उचलताना दोनदा विचार करील.