वीरगळ आणि विश्रांतीची तीस मिनिटे

हेब्बाळ म्हटले की बेंगळुरूबाहेरच्या माणसाला विमानतळाकडे जाणारा उड्डाणपूल आणि त्यावरची वाहतूक कोंडी आठवते. या पुलापासून फार दूर नाही अशा जागी एक दगड आहे, तो मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. काही वर्षांपूर्वी खोदकामात सापडलेली ही वीरगळ सुमारे इ. स. ७५० सालची आहे. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळात किट्टय्या नावाचा एक वीर या परिसराचे रक्षण करताना पडला, असा तिच्यावरचा मजकूर. बेंगळुरूतील सर्वांत जुना ज्ञात कन्नड शिलालेख म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात. महाराष्ट्रातील वाचकांना वीरगळ नवी नाही. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि जुन्या देवळांच्या आवारात शेंदूर फासलेल्या अशा शिळा जागोजागी उभ्या आहेत. आपल्याकडे कणखरपणाला दगडात कोरण्याची प्रथा जुनी आहे. ज्याच्या नावाने दगड कोरला जातो, तो बहुधा जिवंत नसतो.

याच हेब्बाळमध्ये आज जवळपास प्रत्येक मोठ्या रस्त्यावर, बँकेच्या किंवा औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, काचेआड एक जिम दिसते. पहाटे साडेपाचला दिवे लागतात. मान्यता टेक पार्ककडे जाणारे तरुण-तरुणी संगणकासमोर बसण्यापूर्वी तासभर लोखंड उचलून जातात. भिंतींवर वेदनेची महती सांगणारी घोषवाक्ये असतात. अशाच एका ठिकाणी मी काही महिने जात होतो. खांदा दुखतो आहे असे प्रशिक्षकाला सांगितल्यावर त्याने बारवर आणखी पाच किलो चढवले आणि दुखणे डोक्यात असते, असे ऐकवले. खांदा बरा व्हायला सात महिने लागले. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या मुलाला दुसरे काही शिकवलेच गेले नव्हते आणि तसे शिकवणे कोणावर बंधनकारकही नव्हते. पिळदार दंड एवढ्या एकाच पात्रतेवर आपल्या देशात कोणीही दुसऱ्याच्या पाठीच्या कण्याची जबाबदारी घेऊ शकतो. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आहेत. पण ते प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असा देशव्यापी कायदा नाही.

हेब्बाळपासून थोड्याच अंतरावर सदाशिवनगर आहे. तेथे राहणारे कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांचे पीळदार शरीर आणि नियमित व्यायाम कर्नाटकात घरोघरी माहीत होता. शहर हादरले. जयदेव हृदयरोग संस्थेसमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, तरुणांनी जिमकडे पाठ फिरवली आणि तत्कालीन आरोग्यमंत्री के. सुधाकर यांनी जिमसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणण्याचा मनोदय जाहीर केला. व्यायामाने हृदय बिघडत नाही, व्यायाम सोडू नका, असे हृदयरोगतज्ज्ञ त्या आठवड्यात कंठशोष करून सांगत होते आणि ते बरोबरच होते. चर्चा मात्र ‘व्यायाम चांगला की वाईट’ या निरर्थक वळणावर गेली. शरीराने दिलेला इशारा ऐकण्याची सवय आपल्या व्यायामसंस्कृतीत का रुजलेली नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

बेंगळुरूला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे, कारण कणखरपणाची भारतीय क्रिकेटमधील सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा याच शहराच्या माणसाची आहे. मे २००२, अँटिग्वा. मर्व्हिन डिलनचा चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा मोडला. डोक्याभोवती पट्टी गुंडाळून तो मैदानात उतरला, सलग १४ षटके टाकली, ब्रायन लाराला पायचीत केले आणि मग शस्त्रक्रियेसाठी बेंगळुरूचे विमान पकडले. ते छायाचित्र पाहून आजही अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण तपशील पाहावेत. कुंबळे तेव्हा ३१ वर्षांचा, बारा वर्षे कसोटी खेळलेला, स्वतःच्या शरीराची पूर्ण जाण असलेला अभियंता होता. मैदानात उतरण्याचा निर्णय त्याचा होता. त्याला भित्रा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. तंबूत बसून राहिला असता, तरी त्याची संघातील जागा गेली नसती. त्या धैर्याला मोल आहे ते या स्वातंत्र्यामुळे. हे छायाचित्र सतरा वर्षांच्या मुलासमोर धरून ‘हा बघ, नाही तर तू’ असे कोणी म्हणू लागले, की त्याच प्रतिमेचा चाबूक होतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे १७ वर्षांची एक पॉवरलिफ्टर सरावात २७० किलो वजनाखाली सापडून दगावली. खांद्यावरचा बार मानेवर घसरला. प्रशिक्षक शेजारीच उभा होता. राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेत पदक मिळवलेली ही मुलगी होती. तिच्या मृत्यूची चित्रफीत देशभर फिरली, चार दिवस हळहळ झाली आणि पुढे काही नाही. बारखाली सुरक्षेचे आडवे दांडे लावलेली लोखंडी चौकट असती तर काय झाले असते, हा तांत्रिक प्रश्न आहे आणि तोच विचारला जायला हवा होता. अशी चौकट ही चैन नव्हे; ज्या खेळात माणूस स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगावर घेतो, त्यात ती पाया आहे.

शक्ती वाढते कशी, याविषयी एक साधी गोष्ट आपल्या जुन्या वस्तादांना ठाऊक होती. ताकद मेहनतीच्या वेळी वाढत नाही. मेहनतीने स्नायू थकतो. तो भरून येतो आणि पूर्वीपेक्षा बळकट होतो तो खुराक आणि झोप मिळाल्यावर. शिवाय स्नायू जितक्या लवकर बळकट होतात, तितक्या लवकर त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे होत नाहीत. उत्साही तरुणाच्या दंडात ताकद येते, पण कोपर आणि गुडघा मागे राहतो. म्हणून समंजस प्रशिक्षक वर्षातील बहुतेक दिवस खेळाडूला त्याच्या कमाल क्षमतेच्या बरेच खाली ठेवतो. बल्गेरियाचे प्रशिक्षक इव्हान अबाजिएव यांनी याच्या उलट मार्ग धरला: रोज, जवळजवळ कमाल वजन. त्या पद्धतीने विश्वविजेते घडले हे नाकारता येत नाही. पण १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णविजेते उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्यावर बल्गेरियाचा वेटलिफ्टिंग संघ स्पर्धा सोडून मायदेशी परतला, आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तर या देशाला वेटलिफ्टिंगमध्ये प्रवेशच मिळाला नाही. शरीराला विश्रांती नाकारणारी व्यवस्था ती उणीव कशाने तरी भरून काढते, आणि ते ‘काहीतरी’ बहुधा बाटलीत किंवा सुईत असते.

आपली अवस्था वेगळी नाही. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या २०२३च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी आढळले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक चाचणी करणारे अधिकारी येणार, अशी कुणकुण लागली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. बाकीच्या सात जणांना भित्रे म्हणावे की व्यवहारी, मला कळत नाही. सरकारी नोकरीतील खेळाडूंची राखीव जागा एका पदकावर आणि पदक एका शतांश सेकंदावर अवलंबून असेल, तर जिद्दीचे रूपांतर कशात होईल हे सांगायला ज्योतिषी नको. जिममध्ये जाणारा सामान्य तरुण तर या चाचण्यांच्या कक्षेतच येत नाही. अॅनाबोलिक स्टेरॉइड कागदोपत्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, इतकेच.

महाराष्ट्राच्या वाचकांना मी येथे दोन मराठी खेळाडूंची आठवण करून देतो. पहिला सांगलीचा. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. वडिलांच्या पान आणि चहाच्या टपरीवर हातभार लावत वाढलेल्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलले. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो डोक्यावर घेताना त्याचा उजवा कोपर दुखावला. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा आला. तोही फसला. मलेशियाच्या अनिक कसदानने शेवटच्या प्रयत्नात १४२ किलो उचलून एकूण २४९ केले आणि २४८ किलोंसह संकेतला रौप्य मिळाले. एका किलोचा फरक. त्याच दिवशी उडुपीकडच्या गुरुराज पुजारीने ६१ किलो गटात कांस्य जिंकले, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले ते गळ्यात अडकवलेल्या हातासह पदक स्वीकारणाऱ्या संकेतचे छायाचित्र. आपण त्याच्या चिवटपणाला दाद दिली आणि ती योग्यच होती. कोपर दुखावल्यानंतर तिसऱ्या प्रयत्नाला जाण्यापूर्वी त्याला थांबवण्याचा अधिकार कोणाला होता, हे मात्र कोणी विचारले नाही. एकविशीच्या आतबाहेरचा खेळाडू, समोर सुवर्ण, हातात काही मिनिटे. अशा वेळी ‘तुझी इच्छा’ म्हणणे म्हणजे निर्णय टाळणे होय.

दुसरे नाव खाशाबा जाधवांचे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांनी गावोगाव वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, हे मराठी शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. सोव्हिएत मल्ल मामेदबेयोव्ह याच्याशी दमवणारी लढत संपते न संपते, तोच खाशाबांना जपानच्या शोहाची इशीशी लढायला पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये तीस मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घेण्यासाठी तेथे एकही भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीने पुढे सुवर्ण जिंकले. खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांच्या रगेत काही उणे नव्हते. उणे होते ते एका जबाबदार माणसाचे, ज्याने नियमांचे पुस्तक उघडून ‘थांबा’ म्हटले असते.

सत्तर वर्षांनंतर हे चित्र किती बदलले? पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी शंभर ग्रॅमने जादा भरली. या वेळी डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, प्रशिक्षक होते. रात्रभर पाणी तोडून, घाम गाळून, केसही कापून झाले. ५३ किलो गटातील जागा दुसऱ्या खेळाडूने मिळवलेली होती, म्हणून आदल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली ही मल्ल आपल्या नैसर्गिक वजनाच्या बऱ्याच खालच्या गटात उतरली होती. निवडीची पद्धत आधी ठरते. उपासमार नंतर येते. आपण मात्र चर्चा केली ती शेवटच्या रात्रीची.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१९च्या मे महिन्यात नीरज चोप्राच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा त्याने सोडली; दोन वर्षांनी टोकियोत सुवर्ण जिंकले. पाठीच्या दुखण्यामुळे मीराबाई चानू २०१८च्या आशियाई स्पर्धेला मुकली. पुढे अमेरिकेत सेंट लुइसला जाऊन तिने खांदा आणि पाठीतील असमतोल दुरुस्त करून घेतला आणि टोकियोत २०२ किलोंसह रौप्य आणले. रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसल्यावर रडणारी मुलगी आणि टोकियोत हसणारी मुलगी यांच्यात जिद्दीचा फरक फारसा नसावा. मधल्या काळात तिच्यामागे वैद्यक उभे राहिले होते.

बेंगळुरूत वाढलेला आणि घरी मराठी बोलणारा राहुल द्रविड कनिष्ठ संघांचा प्रशिक्षक असताना त्या काळात दोन नियम रूढ झाले. खेळाडूने १९ वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळायचा. आणि भारत ‘अ’ संघाच्या दौऱ्यावर गेलेल्या प्रत्येकाला सामना खेळायला मिळालाच पाहिजे. स्पर्धेच्या ईर्षेला लगाम घालणारे हे नियम ईर्षाळू नसलेल्या माणसाने केलेले नाहीत. कसोटीत तेरा हजारांहून अधिक धावा चिवटपणावाचून होत नाहीत. लहान वयातील विजय हे उद्दिष्ट झाले की जखम लपवली जाते आणि वयाचे खोटे दाखलेही निघतात, हे त्याला चांगले ठाऊक होते. वय चोरण्याविरुद्ध तो २०१५च्या पतौडी व्याख्यानात स्पष्टपणे बोलला होता.

आता धोरणाकडे. क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागल्यास बदली खेळाडू देण्याची तरतूद २०१९पासून आहे. त्या तरतुदीचे मर्म असे, की खेळाडूला ‘तू खेळू शकतोस का’ असे विचारून भागत नाही. निर्णय डॉक्टर घेतो. २०२५च्या जुलैमध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचे हाड मोडलेले असताना फलंदाजीला आला, ऑगस्टच्या सुरुवातीला ओव्हलवर ख्रिस वोक्स निखळलेला खांदा स्वेटरखाली बांधून आला. दोघांनाही प्रेक्षकांनी उभे राहून मानवंदना दिली. त्याच महिन्यात भारतीय क्रिकेट मंडळाने देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी बदली खेळाडूची मुभा दिली. टाळ्या वाजवून झाल्यावर नियम बदलला, हे मला त्या उन्हाळ्यातील सर्वांत आशादायक वाटते.

क्रिकेट मंडळाकडे पैसा आहे. त्याचे नवे केंद्र हेब्बाळवरून पुढे, विमानतळाच्या बाजूला उभे आहे. जखमी गोलंदाज तेथे महिनोन्महिने सरकारी तिजोरीला हात न लावता बरा होऊ शकतो. कोल्हापूरच्या तालमीतील किंवा धारवाडच्या गरडी मनेतील मल्लाला तसे कोणी नाही. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केला. संघटनांच्या निवडणुका आणि तंटे यांवर त्याचा मुख्य भर आहे. संघाच्या डॉक्टरने ‘नाही’ म्हटल्यावर प्रशिक्षकाला त्याला डावलता येणार नाही, ही एक ओळ प्रत्येक क्रीडा संघटनेच्या नियमांत यायला हवी. अठरा वर्षांखालील मुलांना कमाल वजन उचलायला लावण्यासाठी सुरक्षा चौकट आणि प्रशिक्षित मदतनीस बंधनकारक हवा. जिमच्या व्यापार परवान्यासाठी अग्निशामक यंत्र आणि वाहनतळ जसे तपासले जातात, तसे प्रशिक्षकाचे शिक्षण तपासावे. महापालिकांना हे आजही करता येईल. नवा कायदा त्यासाठी लागत नाही.

परवा त्या जुन्या जिमवरून गेलो. मला पाच किलो जास्त लावणारा मुलगा तेथे नाही. पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने त्याने काम सोडले, असे स्वागतकक्षातील मुलीने सांगितले. तो २६ वर्षांचा आहे.