सुई न टोचता हिरडी बधिर करणारं जेल नेमकं काम कसं करतं?

दात घासताना रक्त येतं, डेंटिस्ट तपासून सांगतात, "डीप क्लीनिंग करावं लागेल." यावर अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "इंजेक्शन द्यावं लागेल का?" आणि त्या भीतीपोटी अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते. तोपर्यंत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत राहतं आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून सुईला पर्याय आहे का, हे माहीत असायला हवं. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; पण या पर्यायामागचं डोकं मला जबरदस्त वाटलं.

अडचण कुठे आहे?

निरोगी हिरडी आणि दात यांच्यात साधारण १ ते ३ मिलीमीटरची फट असते. कीटण साचून हिरडी सुजली आणि आजार वाढला की ही फट खोल होते. तिला 'पॉकेट' म्हणतात. ब्रश तिथे पोहोचत नाही, म्हणून डॉक्टर आत अवजार घालून मुळावरचं कीटण खरवडून काढतात. दुखतं ते इथेच.

मग वरून लावायचं साधं बधिरीचं जेल का नाही वापरत? कारण घट्ट जेल खोल फटीत नीट उतरत नाही आणि पातळ औषध तिथे टिकत नाही, लाळेबरोबर वाहून जातं. म्हणजे आत जाताना पातळ आणि आत गेल्यावर घट्ट, असं काहीतरी हवं.

दोन युक्त्या

ओराकिक्स हे जेल नेमकं असंच आहे. अमेरिकेच्या एफडीएने त्याला २००३ मध्ये मान्यता दिली. त्यात २.५ टक्के लिडोकेन (आपल्याकडे लिग्नोकेन म्हणतात तेच) आणि २.५ टक्के प्रिलोकेन असतं.

पहिली युक्ती: ही दोन्ही औषधं सुटी असताना खोलीच्या तापमानाला घन असतात, पण योग्य प्रमाणात एकत्र केली की द्रव होतात. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकलं की बर्फ वितळतो ना? तत्त्व तेच, मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो.

दुसरी युक्ती: यात पोलोक्झामर नावाचे पदार्थ असतात. तूप गरम केलं की पातळ होतं. इथे बरोबर उलटं. बाहेर पातळ, शरीराच्या उष्णतेने घट्ट! म्हणूनच फार उकाड्यात ते कार्ट्रिजमध्येच घट्ट होऊ शकतं. मग पुन्हा पातळ होईपर्यंत ते फ्रीजमध्ये ठेवतात, पण गोठवत नाहीत.

खुर्चीत बसल्यावर

डॉक्टर बोथट टोकाच्या नळीने आधी हिरडीच्या कडेला जेल लावतात आणि ३० सेकंद थांबतात. मग पॉकेट भरतात, पुन्हा ३० सेकंद थांबतात आणि काम सुरू करतात. औषध नसांमधले सोडियमचे मार्ग अडवतं, त्यामुळे वेदनेचा सिग्नल पुढे जात नाही. असर साधारण २० मिनिटं टिकतो. कमी पडलं तर पुन्हा लावता येतं, पण एका बैठकीत जास्तीत जास्त ५ कार्ट्रिज.

मर्यादाही आहेत

इंजेक्शनइतकी पूर्ण बधिरता याने येत नाही. फार खोल पॉकेट किंवा खूप दुखरी हिरडी असेल तर सुई लागू शकते. दात काढणं किंवा रूट कॅनालसाठी हे नाही. लिग्नोकेनसारख्या औषधांची ॲलर्जी असेल किंवा मेथहिमोग्लोबिनेमिया हा रक्ताचा विकार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

डॉक्टरांना काय विचाराल?

तीन प्रश्न पुरेत: माझे पॉकेट किती मिलीमीटरचे आहेत? त्यासाठी जेलने भागेल का? तुमच्याकडे ते आहे का? उत्तर 'नाही' आलं, तरी इंजेक्शन देण्याआधी टोचायच्या जागी बधिरीचं जेल किंवा स्प्रे मारायला सांगता येतं, टोचणं बरंच सुसह्य होतं. पण सुईच्या भीतीने क्लीनिंगच टाळू नका. कीटण आपोआप निघत नाही!