खासगीकरण आणि कामगार : करारात तिसरी सही कोणाची?

१ मे हा दिवस आपल्याकडे तीन नात्यांनी येतो : महाराष्ट्र दिन, जागतिक कामगार दिन आणि पोप पायस बारावे यांनी १९५५ साली घालून दिलेला श्रमिक संत योसेफ यांचा सण. २०११ साली याच तारखेला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील वीजवितरण महावितरणकडून जीटीएल या खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. करार पंधरा वर्षांचा होता. परंतु थकबाकीच्या कारणावरून नोव्हेंबर २०१४ मध्येच महावितरणने शहराचा कारभार परत आपल्या हाती घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहराचा पाणीपुरवठा ‘समांतर’ योजनेखाली एका खासगी कंपनीकडे गेला होता. तो करारही महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला.

या घटनांतून ग्राहकांना काय मिळाले, याची चर्चा पुष्कळ झाली. आम्ही येथे दुसरा प्रश्न विचारात घेत आहोत : सेवेचा मालक बदलतो, तेव्हा त्या सेवेत राबणाऱ्या माणसाचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

प्रथम फ्रँचायझी पद्धत समजून घेऊ. हिच्यात खांब, तारा आणि उपकेंद्रे यांची मालकी महावितरणकडेच राहते. खासगी कंपनी ठरलेल्या दराने महावितरणकडून वीज घेते, ती ग्राहकांना पुरविते व बिले वसूल करते. ग्राहकांचे दर वीज नियामक आयोग ठरवितो. त्यामुळे कंपनीचा नफा मुख्यतः गळती, वीजचोरी आणि खर्च कमी करण्यावर अवलंबून असतो. खर्चात मजुरीही येते, आणि तेथेच कंत्राटी कामगाराचा प्रश्न उभा राहतो.

जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन नव्या कंपन्या स्थापन झाल्या, तेव्हा परिस्थिती निराळी होती. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३३ नुसार हस्तांतरित कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभाच्या करता येत नाहीत. फ्रँचायझीने किंवा तिच्या कंत्राटदाराने नव्याने नेमलेल्या मीटर वाचकाला वा लाइनवरील मदतनीसाला या कलमाचा आधार नसतो. करार संपला की तारा मूळ मालकाकडे परततात. या माणसाच्या परतीची वाट मात्र कोणी आखलेली नसते.

हाच प्रश्न साम्यवादी राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपापुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. रशियाने १९९२ मध्ये प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबल दर्शनी मूल्याचे व्हाउचर दिले. कारखान्यांचे बहुसंख्य समभाग आपल्याच कारखान्यात घेण्याची सोयही कामगारांना होती. कागदावर कामगार मालक झाला; प्रत्यक्षात सत्ता व्यवस्थापकांकडे आणि पुढे मोजक्या धनिकांकडे गेली. लाखो कामगारांचे वेतन महिनोन्‌महिने थकले; काहींना पगाराऐवजी कारखान्यातील वस्तू देण्यात आल्या. पोलंडमध्ये १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीतून ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना जन्मली होती. तेथे १९९३ मध्ये सरकार, मालक व कामगार संघटना यांच्यात सरकारी उद्योगांविषयी करार झाला आणि १९९४ मध्ये त्रिपक्षीय आयोग स्थापन झाला. बेकारीचे चटके पोलंडलाही बसले. ग्दान्स्कची गोदी स्वतः १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तरीही निर्णयाच्या मेजावर कामगाराला खुर्ची होती, हा फरक लहान नाही.

पोलंडचे सुपुत्र पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात या प्रश्नासाठी एक उपयुक्त भेद सांगितला आहे. पगार देणारा तो ‘प्रत्यक्ष मालक’. पण ज्यांचे कायदे, करार व धोरणे त्या पगाराची आणि कामाची चौकट ठरवितात, ते सर्व ‘अप्रत्यक्ष मालक’ होत; त्यांत शासनाचे स्थान प्रमुख आहे. अन्यायाची जबाबदारी त्यांच्यावरही येते. म्हणजेच काम दुसऱ्याकडे सोपविता येते. कर्तव्य सोपवून मोकळे होता येत नाही.

आपल्या कायद्यातही हे तत्त्व आहे. कंत्राटदाराने वेतन दिले नाही, तर मुख्य मालकाने ते द्यावे, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. त्याची जागा घेणाऱ्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही ती तरतूद आहे. मात्र कंत्राटी कामगारांविषयीचे हे प्रकरण ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते.

४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी समांतर वितरण परवान्याच्या विरोधात ७२ तासांच्या संपावर गेले आणि सरकारशी चर्चा होताच त्याच दिवशी संप मिटला. चर्चा संपाआधी होऊ शकली असती, तर लोकांची गैरसोय टळली असती. करारावर सरकार आणि कंपनी अशा दोन सह्या असतात. कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे, ही त्यातील न दिसणारी तिसरी सही होय.

आपल्यापैकी अनेक जण कंत्राटी पद्धतीने काम करतात. त्यांनी नेमणूकपत्र आणि वेतनचिठ्ठी जपून ठेवावी व आपला मुख्य मालक कोण, हे जाणून घ्यावे. आणि आपल्या शाळा, दवाखाने, सोसायट्या जेव्हा एजन्सीमार्फत पहारेकरी वा सफाई कामगार नेमतात, तेव्हा ‘अप्रत्यक्ष मालक’ आपणच असतो. त्यांना पगार वेळेवर मिळाला का, भविष्य निर्वाह निधी भरला गेला का, हे विचारण्यासाठी पन्नासाच्या आकड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.